माहेर पुलापलीकडे

बाईला कळा सुरू झाल्या की तिला आधी दवाखाना लागतो, का आधी राज्य? हसू नका, उत्तर द्या. मनातल्या मनात "दवाखाना" म्हणाला असाल तर तुम्ही भली माणसं आहात, पण हद्दीवर राहणारी नाही. हद्दीवरच्या माणसाला विचारा. तो म्हणेल, "पुलाच्या कोणत्या बाजूले कळा आल्या, ते पाहा लागते, भाऊ."

हे उत्तर मला पहिल्यांदा दिलं प्रेमिला सोमकुवर हिनं. भर सीताबर्डीत, व्हरायटी चौकात, दोनेकशे बायांसमोर.

आशाताईंचं धरणं होतं. मी माईक धरून बोलत होतो. घसा बसेपर्यंत बोललो, टाळ्या पडल्या, आणि मी खाली उतरणार तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक बुटकी बाई उठली. पायात पुरुषी सँडल, खांद्याला औषधाची पिशवी, आवाज मात्र असा की ऑटोवाल्यांनी मान वळवावी.

"भाऊ, मानधनाचं झालं. आता पुलाचं बोला."

"कोणता पूल, ताई?"

"तुमी नागपूरचे. तुमाले पूल म्हटलं का उडाणपूलच दिसते."

साऱ्या बाया हसल्या. मला हसलेलं चालत नाही, हे बर्डीतल्या फुटपाथवरच्या पोरासोरालाही ठाऊक आहे. पण ती बाई हसत नव्हती. म्हणून मी माईक खाली ठेवला आणि तिला चहाच्या टपरीवर नेलं. तिथं तिनं जे सांगितलं, ते आधी तुम्हाला सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सावनेर तालुक्याच्या वरच्या टोकाला एका लहान नदीच्या काठी जामघाट नावाचं गाव. नदीवर पूल, पुलाच्या मधोमध एक पिवळा दगड. दगडाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. पलीकडलं गाव मोहखेडी. दोन्ही गावं एकच मराठी बोलतात, एकाच बाजारातून वांगी घेतात आणि एकमेकांच्या घरी पोरी देतात. छप्पन सालाआधी हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता, आणि राजधानी होती आमचं नागपूर. मग नकाशा बदलला. त्याचं मला दुःख नाही, भाषेची राज्यं व्हायलाच पाहिजे होती. पण सोयरीक जुळवताना कोणी भिंतीवरचा नकाशा पाहत नाही. मुलगा पाहतात, शेत पाहतात, सासू पाहतात.

प्रेमिला ही पलीकडची लेक आणि अलीकडची सून. जन्म मोहखेडीचा, संसार जामघाटचा. गावची आशाताई. गरोदर बाईवर लक्ष ठेवायचं, गोळ्या पोचवायच्या, बाळांना टोचायला न्यायचं, आणि वेळ आली की दवाखान्यात घेऊन जायचं, हे तिचं काम. सरकार तिला कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. काम मात्र कर्मचाऱ्याच्या बापाचं घेतं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा-आठवा लागला की पोरगी आईकडे जाते आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की परतते. जामघाटची एक सून, कामिनी, अशीच मोहखेडीला माहेरी गेली. प्रेमिलानं आपल्या रजिस्टरात तिच्या नावापुढं लिहिलं, "माहेरी गेली." रीतसर लिहिलं. मोहखेडीच्या आशाताईनं पोरगी आलेली पाहिली आणि म्हटलं, ही तर तिकडची सून, हिची नोंद तिकडं. तिचंही बरोबर. दोघी बरोबर, आणि कामिनी दोघींच्या मधल्या फटीत.

सकाळी कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. मोहखेडीहून सावनेरकडचा दवाखाना अर्ध्या तासावर, आणि त्यांच्या जिल्ह्याचा मोठा दवाखाना घाटातून दोन-अडीच तास. तिकडली दवाखान्याची गाडी यायला तयार होती, पण नेणार होती तिकडेच. इकडली गाडी पुलावर आली आणि पिवळ्या दगडापाशी थांबली. पुढं परवानगी नाही. घरच्यांनी पोरीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून पुलापर्यंत आणलं. कामिनी वाचली. बाळ गेलं.

मी टपरीवर बसल्या बसल्या त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. प्रेमिलानं मला मध्येच थांबवलं.

"त्याले शिव्या नोका देऊ. दगडापुढं गाडी नेली असती आन् काही झालं असतं, त्याची नोकरी गेली असती. त्याचेही लेकरं आहेत."

"मग कोणाला द्यायच्या?"

"तेच तर तुमाले विचारून राहिली. तुमी नेते."

मी नेता नाही. पण ऐकून गप्प बसणाराही नाही.

आम्हा नागपूरकरांची एक सवय आहे. वर्षभर दुखणं पोटात ठेवायचं आणि डिसेंबरात अधिवेशन आलं की मोर्चात काढायचं. गिरणी बंद पडली, मोर्चा. शाळेला शिक्षक नाही, मोर्चा. आमचं पोरगंही दोन बोटं मोजायच्या आधी घोषणा शिकतं. तर त्या डिसेंबरात मी जामघाटच्या पुलाचा मोर्चा काढला. चांगला काढला. ट्रकभर बाया आणल्या, पुठ्ठ्याचा पूल केला, त्यावर पिवळा दगड ठेवला. पोलिसांनी जिथं अडवतात तिथं अडवलं. पाच जणांना आत नेलं, निवेदन घेतलं, फोटो निघाला. मंत्रीसाहेब म्हणाले, लक्ष घालतो.

होळीच्या सुमारास उत्तर आलं. विषय शेजारील राज्याशी निगडित असल्यानं या स्तरावर निर्णय घेता येत नाही. मी तो कागद घेऊन जामघाटला गेलो. डोकं तापलेलं होतं. प्रेमिला अंगणात मिरच्या वाळत घालत होती. कागद वाचला आणि गालातल्या गालात हसली.

"भाऊ, तुमी अर्ध्या पुलाचा मोर्चा नेला."

"म्हणजे?"

"आपला पूल दगडापर्यंत. तुमचं सरकार देईन त तेवढाच देईन."

"ठीक आहे. भोपाळला नेतो मोर्चा."

"न्या. तेही दगडापर्यंतच देतीन. दोन अर्धे पूल घेऊन काय करू मी, मिरच्या वाळवू?"

मोर्चा वाया गेला असं मी आजही म्हणत नाही. ट्रकभर बायांनी आपलं दुखणं पहिल्यांदा मोठ्यानं बोलून दाखवलं, ते काही फुकट जात नाही. पण बाई म्हणत होती ते खरं होतं. जे दोघांच्या मध्ये आहे, ते एकाकडे मागून मिळत नाही.

आणि मग तिच्या स्वतःच्या घरातली गोष्ट आली.

प्रेमिलाच्या भावाची मुलगी दामिनी. मोहखेडीची. नागपुरात लकडगंजला दिलेली. नवरा धम्मदीप लाकडाच्या टालीवर आरा मशीन चालवतो. साधा पोरगा, बायकोवर जीव. दामिनीला सिकलसेल. आमच्या विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंगात कळा उठतात, रक्त कमी पडतं. गोळी रोज, तपासणी महिन्याला. तिला दिवस गेले तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: बाळंतपण अशा ठिकाणी, जिथं रक्त तयार आहे. उशीर चालणार नाही.

मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला. पोरीला नागपुरातच ठेवा.

प्रेमिला माझ्यावर अशी उखडली की मी दोन पावलं मागं सरलो. मी सहसा सरत नाही.

"नागपुरात कुठं ठेवू? एक खोली. सासू नाही. नवरा सकाळी टालीवर जाते, संध्याकाळी येते. तिले उठवन कोण, न्हाऊ घालन कोण? तुमी येता का?"

"तसं नाही, ताई, पण जिवाचा प्रश्न..."

"जिवाचाच आहे. म्हणून त माहेर आहे. सरकारनं बाळंतपणाची रजा आता आणली. आमच्या आजीनं आदीच आणली होती, आन् बिनपगारी का होईना, पण साऱ्याइले. तुमी म्हणता माहेर बंद करा. माहेर काहून बंद करू? दगड बंद करा ना."

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आपण शिकलेली माणसं, आणि माझ्यासारखी न शिकता शहाणी झालेली माणसं, अशा रीतींना मागास म्हणतो आणि मोकळे होतो. पण ज्या घरात दाई ठेवायला पैसा नाही, तिथं आई हीच दाई, आई हीच नर्स, आई हीच रजा. ती रीत मोडली तर तिच्या जागी काय देणार, याचं उत्तर ना माझ्याकडे होतं ना सरकारकडे.

धम्मदीपचं मत मात्र पक्कं होतं. तो लकडगंजच्या खोलीत भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "आत्या, राग नोका धरू. मी तिले पाठवत नाई. मले तुमच्यावर भरोसा आहे, तुमच्या पुलावर नाई."

दामिनी खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "मले आईजवळ जायचं आहे." एवढंच. मग कोणाकडे न बघता साडीचा काठ दुमडत बसली.

"बरं," प्रेमिला म्हणाली. "आठवा लागेपर्यंत तिले इथंच ठेव. फक्त सातव्यात ओटीभरणाले घेऊन ये, एका दिवसासाठी. तोवर मी पुलाचं पाहते. नाही झालं, त मी स्वतः तुह्या बायकोसंगं या खोलीत येऊन राहीन. मंग मले रोज पोयी करून घालशीन."

"तुमाले झेपन का माह्या हातची पोयी?"

"नाई झेपन. म्हणून त पूल मोकळा करते म्हटलं."

आता पूल मोकळा करायचा म्हणजे काय? तिनं आधी सरळ मार्ग धरला. आपल्या बाजूच्या तालुका आरोग्य अधिकारी डॉ. वैदेही यांच्याकडे गेली. तरुण बाई, कामाची, पण हात बांधलेले. त्या म्हणाल्या, "मला परराज्यातल्या अधिकाऱ्याला थेट पत्र लिहिता येत नाही, प्रेमिलाताई. वरून जावं लागतं." पलीकडे मोहखेडीची आशाताई शामला, ही प्रेमिलाची शाळेतली जोडीदारीण. तिनं आपल्या डॉ. कृष्णकांतना विचारलं. तेही तेच म्हणाले, फक्त हिंदीत. दोघांनाही दुसऱ्याला भेटायचं होतं. दोघांनाही पहिलं पत्र पाठवता येत नव्हतं.

मी म्हटलं, उपोषणाला बसतो, दगडावरच. प्रेमिला म्हणाली, "बसा, सावली नाई तिथं." आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. वैदेहींच्या टेबलापाशी उभी राहिली. "मॅडम, माह्या भाचीचं ओटीभरण आहे. मोहखेडीले. जेवाले या."

"अहो पण ते मध्य प्रदेशात..."

"जेवाले परवानगी लागते का?"

मॅडमनी पेन ठेवलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "रविवारी ठेवा."

तो रविवार मी विसरणार नाही. मोहखेडीत प्रेमिलाच्या भावाच्या अंगणात मांडव. समोर बुद्धांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं. मग हिरव्या साडीतल्या दामिनीला पाटावर बसवलं आणि दोन राज्यांतल्या बाया तिच्या ओटीत संत्री, खारका, खोबरं घालू लागल्या. दामिनीची आई मीराबाई लेकीच्या मागं उभी होती आणि तिचा पदर एकसारखा सारखा करत होती. आम्ही पुरुष माणसं बाहेर मोहाच्या झाडाखाली बाजेवर. एका बाजेवर मी आणि शामलानं तसंच जेवायला बोलावलेले डॉ. कृष्णकांत, समोर खुर्चीवर डॉ. वैदेही, कारण त्या ओटी भरून लगेच बाहेर आल्या.

पाटोडीचा, म्हणजे बेसनवड्यांचा, रस्सा आला. वर बोटभर लाल, तिखट तर्री. कृष्णकांतांनी पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "मैडम, ये तो रेफर करने लायक केस है."

"कुठे रेफर करणार, डॉक्टर?" वैदेही म्हणाल्या. "तुमच्या जिल्ह्याला, का माझ्याकडे?"

हसता हसता दोघंही थांबले. प्रेमिला तेवढ्याचीच वाट पाहत असावी. हातात वड्यांचं ताट घेऊन ती मधेच उभी राहिली.

"साहेब, मॅडम, एक विचारू का? मागच्या निवडणुकीत पुलावर चौकी बसली होती. तुमचे पोलीस, आमचे पोलीस, एकाच चटईवर डबा खात होते. इकडली दारू तिकडं जाऊ नये म्हणून. तवा कोणाले वरून जावं लागलं नाई. दारूच्या बाटलीसाठी दोन सरकारं एका टेबलावर बसते, त बाळंतिणीसाठी काहून नाई?"

शामला मागून म्हणाली, "बाटलीले वोट आहे वं, बाई."

"बाळंतिणीलेही आहे. आन् तिच्या लेकराले अठरा वर्सानं."

मला वाटलं आता दोघं डॉक्टर अंग काढतील. मी बाह्या सरसावून बसलो होतो, काही बोलले असते तर मी सोडलं नसतं. पण वैदेही विचारात पडल्या होत्या. त्या कृष्णकांतांना म्हणाल्या, "ती निवडणुकीची बैठक दोन्ही जिल्ह्यांचे कलेक्टर घेतात. सीमा समन्वय बैठक. पुढं पंचायत निवडणूक आहे, म्हणजे बैठक होणारच."

"होगी। पंद्रह दिन में।"

"त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवायचा. तुम्ही तुमच्या बाजूनं टिपण पाठवा, मी माझ्या बाजूनं. दोन्हीकडून एकच मागणी आली तर कोणीही पहिला ठरत नाही."

कृष्णकांतांनी बोटं चाटली. "मैडम, यही तो मैं दो साल से सोच रहा था कि पहले कौन लिखे।"

बघा, सरकार असं असतं. मी आयुष्यभर सरकारशी भांडत आलो आणि पुढंही भांडेन. पण त्या बाजेवर मला दिसलं की सरकारात बसलेली दोन माणसंही फटीतच अडकलेली होती. त्यांना कोणी तरी एका अंगणात आणून बसवायचं होतं.

बैठक एका विश्रामगृहात झाली. मला आत घेतलं नाही, ते बरं केलं, मी आवाज चढवला असता. प्रेमिला आणि शामलाला बोलावलं होतं. दोघी नव्या साड्या नेसून गेल्या. बाहेर येऊन प्रेमिलानं मला सारं सांगितलं. इकडली गाडी तिकडं गेली तर डिझेल कोणाच्या खात्यात, विमा कोणाचा, योजनेचा लाभ कोणतं राज्य देणार. एकेका प्रश्नावर साहेबलोक अडत होते आणि, तिनंच कबूल केलं, एकेक सोडवतही होते. डिझेल ज्याची गाडी त्याचं. लाभ जिथली नोंद तिथला, पण आता नोंद दोन्ही आशाताईंनी एकमेकींना कळवायची. बाई माहेरी निघाली की फोन गेलाच पाहिजे. एक जण म्हणाला, बाळाचा जन्म कोणत्या राज्यात धरायचा?

"मी म्हटलं, साहेब, जिथं रडलं तिथं."

"मग?"

"मंग साहेब हसला. म्हणे कायदाही हेच म्हणते."

आदेश निघाला. एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून, त्या नदीकाठच्या गावांपुरता. जी गाडी जवळ ती जाईल, जो दवाखाना जवळ तिथं नेईल, दगड आडवा येणार नाही. फोनवर ग्रुप झाला, दोन डॉक्टर, दोन्हीकडचे ड्रायव्हर, सगळ्या आशाताई. ग्रुपचं नाव शामलानं ठेवलं, "माहेर". पहिल्याच दिवशी कोणी तरी त्यात सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं आणि प्रेमिलानं त्याला तिथल्या तिथं झापलं.

पण कागद निघणं वेगळं आणि चाक फिरणं वेगळं. हे धम्मदीपलाही कळत होतं. आठवा लागला तेव्हा तो दामिनीला घेऊन मोहखेडीला आला खरा, पण पुलावर त्यानं मोटरसायकल थांबवली आणि पिवळ्या दगडाकडे बघत उभा राहिला. प्रेमिला त्याला घ्यायला आली होती.

"काय पाहतं गा?"

"आत्या, गाडी खरंच येईन?"

"मी काही देव नाई. पण फोन लागन, आन् तो उचलाले माणूस बसला आहे. आदी तेवढंही नोयतं."

तो गेला. त्यानं तिथं दामिनीला सोडलं आणि रोज टालीवरून दुपारच्या सुट्टीत फोन करू लागला. शामला रोज सकाळी येऊन दामिनीला समोर उभी करून गोळी घ्यायला लावी. मीराबाई लेकीला नाचणीचं सत्त्व देत होती. दामिनीच्या गालांवर मांस आलं, असं प्रेमिला सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज जरा बारीक व्हायचा. तिला भीती वाटत होती.

तारखेच्या आधीच वेळ आली. सकाळचे कामधंदे सुरू होत होते. दामिनीच्या कमरेत आणि छातीत एकदम कळा उठल्या. बाळाच्या का सिकलसेलच्या, ते कोणाला कळेना. मीराबाईनं शामलाला हाक मारली, शामलानं ग्रुपवर फोन केला. सर्वांत जवळची गाडी आमच्या बाजूची होती. ती निघाली. प्रेमिला जामघाटच्या टोकाला रस्त्यावर उभी राहिली. गाडी आली तशी दार उघडून पुढं ड्रायव्हरशेजारी बसली.

पुलावर, दगडापाशी, ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

त्याचा दोष नव्हता. इतकी वर्षं तिथं थांबत आलेला पाय, आपोआप ब्रेकवर गेला. प्रेमिला मला नंतर म्हणाली, त्या क्षणी तिला ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही.

"काहून थांबला, बावा?"

"सवय, ताई."

"सवय मोडायचीच त गाडी आहे ही. चाल."

तो चालला. बाकी काही झालं नाही. पूल होता तसाच राहिला, नदी वाहत राहिली, आणि महाराष्ट्राची रुग्णवाहिका मध्य प्रदेशात शिरली. मी आयुष्यात पुष्कळ बॅरिकेड तुटताना पाहिली, पण एवढ्या कमी आवाजात तुटलेलं ते पहिलंच.

धम्मदीपचा मला फोन आला, "काका, या ना." मी टालीवरून त्याला घेतलं आणि आम्ही नागपूरच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहिलो. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा तसाच होता. सावनेरकडच्या दवाखान्यात तिला लागणारं रक्त नव्हतं, म्हणून डॉ. वैदेहींनी वाटेत सलाईन लावून गाडी थेट नागपूरला धाडली होती आणि आधीच फोन करून इथं रक्त तयार ठेवायला सांगितलं होतं. गाडी आली. दार उघडलं आणि आतून दोन आशाताई उतरल्या, एक या राज्याची, एक त्या राज्याची, आणि सलाईनची पिशवी कोण धरणार यावरून भांडत होत्या.

"मी धरते, तू तिचा हात धर."

"तू कवाची धरून राहिली, तुले रस्ता तरी माहीत आहे का नागपूरचा?"

स्ट्रेचरवरून दामिनीनं धम्मदीपकडे पाहिलं आणि त्या दोघींकडे डोळ्यांनी खूण केली, जणू म्हणाली, पाहिलं ना, आख्ख्या वाटेनं असंच चालू होतं. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, ही पोरगी वाचणार.

रक्ताच्या बाटल्या चढल्या. मुलगी झाली. वजन कमी, पण आवाज असा की प्रेमिला म्हणाली, "आत्याआजीवर गेली." दामिनी काही दिवस दवाखान्यात राहिली. सुट्टी झाली तेव्हा मी धम्मदीपला विचारलं, "आता? लकडगंज?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा आहे. "आता कायचं लकडगंज, काका. आईजवळ. सव्वा महिना व्हायचा आहे ना."

ज्या माणसानं पुलावर भरोसा नाही म्हटलं होतं, त्यानं आपली ओली बाळंतीण आणि एवढीशी लेक स्वतः त्या पुलावरून नेऊन मीराबाईच्या दारात ठेवली. रस्ते होतात, कारखाने येतात, भाषणं तर रोज होतात. मला विचाराल तर विकास म्हणजे हेच, की गरीब माणसाला आपली बायको नि लेक निर्धास्त पाठवता यावी. हे दोन शेजारी सरकारं हात देतील तरच होतं, आणि ती हात देतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रेमिलानं त्यानंतर विश्रांती घेतली असं समजू नका. आदेश एका वर्षाचा आहे. वर्ष सरत आलं आहे. तिनं आणि शामलानं मिळून आतापर्यंत ज्या बाया पुलावरून सुखरूप नेल्या, त्या सगळ्यांना पुढच्या बैठकीला लेकरांसकट घेऊन जायचं ठरवलं आहे. मी म्हटलं, मोर्चा काढू या. ती म्हणाली, "मोर्चा तुमी इकडून काढा, शामला तिकडून काढन. दोन्ही मोर्चे पुलावर भेटू द्या, मंग बघा." आता बाई माझी भाषा बोलू लागली आहे. कामिनीही येणार आहे. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, आणि यावेळी "माहेरी गेली" असं लिहून प्रेमिला पेन खाली ठेवत नाही, शामलाला फोन लावते.

पण हा एकच पूल आहे, आणि आपला विदर्भ चहूबाजूंनी हद्दींनी वेढलेला आहे. प्रत्येक हद्दीपलीकडे आपल्या लेकी आहेत आणि अलीकडे त्यांच्या. म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या घरातली लेक पलीकडे दिली असेल, किंवा सून पलीकडून आणली असेल, तर आजच आपल्या आशाताईला गाठा आणि विचारा, आपली गाडी कुठवर जाते. उत्तर "हद्दीपर्यंत" असं आलं, तर तिच्यावर चिडू नका. पलीकडच्या आशाताईचा नंबर शोधून काढा, दोघींना एका अंगणात जेवायला बोलवा, आणि दोन्हीकडचे डॉक्टर आल्याशिवाय पंगत उठू देऊ नका.